न मागता वाजणारं गाणं

भिलाईत आमच्या सेक्टरमधल्या एका काकूंचे यजमान गेले, त्या आठवड्यातली गोष्ट. नागपूर, अमरावती, पुण्याहून सांत्वनाचे फोन येत होते. तिसऱ्या दिवशी नागपूरच्या नणंदेनं धीर करून विषय काढला, "वहिनी, राग मानू नका, पण तुमचा फोन लावला की वरातीतलं गाणं वाजतं हो. कोणाकडून तरी बंद करून घ्या." काकू गोंधळल्या. त्यांच्या फोनची घंटी तर साधी, जुन्या काळ्या फोनसारखी ट्रिंग ट्रिंग. तीन दिवस ज्यानं ज्यानं फोन केला त्याच्या कानावर आधी ढोल आणि मग काकूंचं रडणं पडत होतं, आणि सगळ्या गोतावळ्यात हे माहीत नसलेल्या एकट्या काकूच होत्या.

संध्याकाळी मी त्यांचे मेसेज चाळले. महिनाभरापूर्वीचे दोन सापडले. पहिल्यात विचारलं होतं, ही कॉलर ट्यून हवी असेल तर उत्तर द्या. दुसऱ्यात उत्तर दिल्याबद्दल आभार मानले होते. उत्तर दिलं कोणी? फोन रोज तासभर तरी नातवाच्या हातात असतो. वय वर्षं सहा. पैसा मात्र एकही कापला गेला नव्हता, ट्यून फुकट होती. "मग जाऊ दे आई, पैसे तर नाही ना गेले," मुलगा म्हणाला. काकू म्हणाल्या, "पैसे गेले असते तर निदान कळलं तरी असतं."

काकूंचं म्हणणं नीट ऐकण्यासारखं आहे. विकत घेतलेल्या वस्तूची पावती असते, बिलावर ओळ असते, महिनाअखेर कोणीतरी विचारतं हे काय म्हणून. फुकट आलेल्याचा माग राहत नाही. म्हणून आपल्या फोनवर, आपल्या नंबरवर, आपल्या खात्यात न मागता काय काय येऊन बसलंय ते स्वतःच शोधावं लागतं. कसं शोधायचं आणि कसं काढायचं, ते सांगण्यासाठी हा लेख.

त्याआधी जगभर गाजलेलं एक उदाहरण, कारण आपल्याला लागणारा धडा त्यात आहे. ९ सप्टेंबर २०१४ ला ॲपलनं आयफोन ६ लोकांसमोर आणला. त्याच कार्यक्रमात आयर्लंडचा यू टू हा बँड मंचावर आला आणि त्यांचा 'साँग्ज ऑफ इनोसन्स' हा नवा अल्बम आयट्यून्सच्या ५० कोटी ग्राहकांना फुकट दिल्याचं जाहीर झालं. ११९ देशांतले ग्राहक, त्यात आपणही. आयट्यून्सचं दुकान भारतात २०१२ च्या डिसेंबरातच उघडलं होतं. आता, फुकट देणं म्हणजे 'हवा त्यानं घ्यावा' असं कुणालाही वाटेल. इथे अल्बम थेट लोकांच्या 'खरेदी केलेल्या' यादीत जाऊन बसला. ज्यांच्या फोनवर आपोआप उतरवून घेण्याचं सेटिंग चालू होतं, त्यांच्या फोनमध्ये तो न विचारता उतरलाही. नव्या आयफोन ६ चं सगळ्यात स्वस्त मॉडेलही १६ जीबीचंच होतं, म्हणजे जागेची आधीच मारामार.

लोक भडकले. ज्या कंपनीचा फोन हौसेनं मिरवायचा, तिच्याविरुद्ध त्याच फोनवरून बोलू लागले. गाणी वाईट होती म्हणून नव्हे. बऱ्याच जणांनी ती ऐकलीही नव्हती. आपली गाण्यांची यादी म्हणजे आपलं कपाट, त्यात परक्यानं हात घातला, हा राग होता. आणि गंमत म्हणजे, अल्बम काढून टाकायची सरळ सोयच नव्हती. फोनमधून गाणं पुसलं तरी खात्यातल्या यादीत नाव कायम. फार तर लपवता यायचं. अखेर सहा दिवसांनी, १५ सप्टेंबरला, ॲपलला हा एक अल्बम काढण्यासाठी वेगळं पान उघडावं लागलं. तिथे एक बटण दाबलं की अल्बम खात्यातून जायचा. फोनमध्ये उतरलेली प्रत मात्र वेगळी हातानं पुसावी लागायची. ऑक्टोबरात गायक बोनो यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली, आणि २०२२ च्या 'सरेंडर' या आत्मचरित्रातही दोष आपल्याकडेच घेतला.

आकडे सांगतो, कारण ते दोन्ही बाजूंनी वापरले जातात. ॲपलच्या म्हणण्यानुसार महिनाभरात ८ कोटी १० लाख लोकांनी त्यातलं काही ना काही ऐकलं आणि २ कोटी ६० लाखांनी अख्खा अल्बम उतरवून घेतला. कंपनीला हे यश वाटलं. मी ते उलटं वाचतो: ५० कोटींपैकी ४७ कोटींहून अधिक लोकांनी अख्खा अल्बम घेतला नाही, तरी तो त्यांच्या नावावर चढलेला होता.

आमच्या छत्तीसगढला या गोष्टीचं नवल जरा जास्तच वाटावं. रायपूर–बिलासपूर रेल्वेमार्गावरचं भाटापारा हे गाव रेडिओवर फर्माइशी पाठवण्यासाठी देशभर प्रसिद्ध होतं. झुमरी तिलैयाच्या जोडीनं त्याचं नाव घेतलं जायचं. रेडिओ सिलोन असो की विविध भारती, पोस्टकार्ड लिहायचं, घरच्या सगळ्यांची नावं घालायची आणि आठवडे वाट पाहायची. आकाशवाणीच्या 'आपली आवड'साठी आपल्याकडेही हेच चालायचं. गाण्यापेक्षा ते मागण्याचाच आनंद मोठा. त्याच मुलखात आता न मागितलेलं गाणं कसं थांबवावं हे लिहायला बसलोय!

तर यू टूच्या प्रकरणातून घ्यायचा धडा असा, की आधी गाणं राहतं कुठे ते ओळखायचं. न मागितलेली वस्तू तीनपैकी एका ठिकाणी असते: फोनच्या आत, तुमच्या ऑनलाइन खात्यात, किंवा मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवर. जिथे आहे तिथूनच ती निघते. लोक चुकीच्या खोलीत झाडू मारतात आणि कचरा तसाच राहिला म्हणून वैतागतात. काकूंच्या मुलानं पहिल्यांदा काय केलं असेल? फोन बंद करून चालू केला. मग म्हणाला, फॉरमॅट मारू का? मारला असता तर काकांचे फोटो गेले असते आणि वरात वाजतच राहिली असती.

कारण कॉलर ट्यून फोनमध्ये नसतेच. ती कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि तुमच्या नंबराला चिकटलेली असते. फोन बदला, सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला, काही फरक पडत नाही. शिवाय ती फक्त समोरच्याला ऐकू जाते, त्यामुळे मालकाला वर्षभर पत्ता नसतो. रिंगटोन वेगळी, ती तुमच्या फोनची, ती तुम्हाला ऐकू येते. दुकानात जाऊन "माझी रिंगटोन काढून द्या" म्हणालात तर आमच्या सुपेला बाजारातला पोरगा रिंगटोनच बदलून देईल आणि वीस रुपये घेईल. म्हणा, "कॉलर ट्यून बंद करायची आहे." खरं तर दुकानात जायचीही गरज नाही.

बंद करण्याचा सगळ्या कंपन्यांना चालणारा नंबर १५५२२३ हा आहे. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं अशा जादा सेवा बंद करण्यासाठी ठरवून दिलेला, फुकट. त्यावर फोन लावा किंवा इंग्रजी अक्षरांत 'स्टॉप' एवढाच मेसेज पाठवा. सध्या चालू असलेल्या सेवांची यादी येते आणि नको ती बंद करता येते. जिओची ट्यून असेल तर हाच शब्द ५६७८९ वर पाठवूनही ती जाते. ज्यांना कंपनीचं ॲप वापरायची सवय आहे त्यांना ॲपमध्येही ट्यून बंद करायची सोय सापडेल, पण तिथे ती नव्या गाण्यांच्या जाहिरातींखाली दडलेली असते, आणि शोधता शोधता आणखी एखादी ट्यून लागायची. मेसेजचा रस्ता सरळ. काकूंची ट्यून मेसेज पाठवल्यावर त्याच दिवशी गेली. दहाव्याला आलेल्या नणंदेनं स्टेशनवरून फोन करून खात्री केली.

आता ती लागते कशी, हेही सांगायला हवं, नाहीतर पुन्हा लागेल. नियमाप्रमाणे न विचारता कोणतीही जादा सेवा सुरू करता येत नाही. जुलै २०१३ मध्ये ट्रायनं तर असं बजावलं की ग्राहकाचा होकार एकदा नव्हे, दोनदा घ्यायचा. पहिला होकार कुठल्याही मार्गानं मिळो, दुसरा वेगळा घ्यायचा आणि तो नोंदवून ठेवायचा. त्याआधीची परिस्थिती फारच वाईट होती. सकाळी उठावं तर बॅलन्समधून तीस रुपये गायब आणि फोनवर रोज राशिभविष्य. नियमानं लूट पुष्कळ कमी झाली. पण दोन होकारांत किती अंतर असावं, आणि ते सहा वर्षांच्या बोटानं दिले तर काय, याचं उत्तर कोणत्याच नियमात बसत नाही.

होकार जाण्याचे तीन चोरदरवाजे मला ठाऊक आहेत. एक, रेकॉर्ड केलेला फोन: उचलला की गाण्याचा तुकडा वाजतो आणि ट्यून हवी असेल तर अमुक आकडा दाबा असं सांगतात. इथे काहीही न दाबता फोन ठेवायचा. 'नको'साठीही आकडा दाबत बसू नका. दुसरा दरवाजा म्हणजे पडद्यावर अचानक उगवणारा चौकोन, ज्यावर 'ओके' आणि 'कॅन्सल' असतं. हा मेसेज तुमच्या सिममधूनच येतो. घाईत ओके दाबलं जातं, कारण चौकोन जाईपर्यंत फोन वापरताच येत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये 'सिम टूलकिट' नावाचं एक ॲप असतं. ते उघडून कंपनीच्या सेवांच्या यादीत जा, तिथे हे चौकोन थांबवण्याचा पर्याय असतो. पाच मिनिटांचं काम. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर तर हे पहिलं करा, त्यांचंच बोट ओकेवर पटकन जातं.

तिसरा दरवाजा मजेशीर आहे. काही नेटवर्कवर अशी सोय असते की तुम्ही कुणाला फोन लावलात, त्याची ट्यून तुम्हाला आवडली, तर ती वाजत असतानाच स्टार दाबायचा. तीच ट्यून तुमच्याही नंबरवर लावण्याची मागणी नोंदते आणि होकाराचा मेसेज येतो. आता आठवा, गेली काही वर्षं आपण सगळे फोन लावल्यावर स्टार का दाबत होतो?

मार्च २०२० मध्ये फोन लावला की आधी खोकला ऐकू येऊ लागला आणि मग करोनाची सूचना. पुढे अमिताभ बच्चन यांचा आवाज आला. तो काढावा म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. जानेवारी २०२१ मध्ये त्या जागी लशीचा संदेश बाईच्या आवाजात आला, आणि मे महिन्यात, लस मिळत नसताना लोकांना लस घ्या सांगणारी ही ट्यून किती दिवस वाजवणार, असं त्याच न्यायालयानं सरकारला सुनावलं. नंतर सायबर फसवणुकीचा संदेश, पुन्हा अमिताभ. कोणी रुग्णवाहिकेच्या घाईत, कोणी गेटवर ड्यूटीच्या वेळेला उभा, आणि कानात तीस सेकंदांचं प्रवचन. जून २०२५ अखेर तोही थांबला. या काळात स्टार किंवा दुसरं एखादं बटण दाबून संदेश तोडायची सवय घराघरात लागली. संदेश संपून समोरच्याची ट्यून सुरू झाली आणि बोट स्टारवर पडलं, की झालं! सवय अजून गेलेली नसेल तर सोडा.

सरकारी संदेशांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ते तुमच्या नंबराला चिकटलेले नसतात, नेटवर्क सगळ्यांनाच ऐकवतं, त्यामुळे १५५२२३ किंवा दुकान किंवा सेटिंग, कशानंही ते जात नाहीत. त्यावर उपाय म्हणजे लोकांची ओरड.  ती चालते हे डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात एका सरकारी ॲपच्या बाबतीत दिसलं. प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' ॲप आधीच घालून द्यावं, असा आदेश दूरसंचार विभागानं २८ नोव्हेंबरला काढला होता. ॲप फुकट, कामही चांगलं, चोरीचा फोन बंद करणं, आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहणं. तरी लोक उखडले आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. मी स्वतः ते ॲप आपणहून घेतलं आहे आणि तुम्हीही घ्यावं असं सुचवेन. आदेश मागे गेला ते बरंच झालं, असंही मला वाटतं. या दोन वाक्यांत विसंगती नाही.

फोनच्या आतल्या वस्तूंकडे वळू. नव्या फोनसोबत गाण्याचं एखादं ॲप, एखादा खेळ, बातम्यांचं एखादं पान न मागता येतं. फोन पहिल्यांदा सुरू करताना 'सुचवलेली ॲप्स' नावाचा एक पडदा येतो, त्यात सगळ्या चौकटींवर आधीच बरोबरची खूण असते. 'पुढे' दाबण्याआधी त्या खुणा काढायच्या. हे करायचं राहून गेलं असेल तर ॲपवर बोट दाबून धरा. 'अनइन्स्टॉल' दिसलं तर काढून टाका. न दिसल्यास सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत जाऊन 'डिसेबल' करा. डिसेबल केलेलं ॲप जागा थोडी अडवतं, पण चालत नाही आणि बोलतही नाही. निव्वळ सूचनांचा त्रास असेल तर तेवढ्याच बंद करा. अँड्रॉइड १३ पासून नव्यानं घेतलेल्या ॲपला सूचना दाखवण्यासाठी तुमची परवानगी मागावी लागते, तिथे 'नको' म्हणायला संकोच कसला?

आयफोनवाल्यांनी म्युझिकच्या सेटिंगमध्ये जाऊन 'ऑटोमॅटिक डाउनलोड्स' बंद आहे ना ते पाहावं, आणि ॲप स्टोअरच्या सेटिंगमध्येही. एकाच ॲपल खात्यावर घरातले दोन-तीन फोन चालत असतील, तर मुलानं पुण्यात घेतलेलं ॲप भिलाईत वडिलांच्या फोनवर उगवतं ते यामुळे. त्यात कंपनीचा दोष नाही.

आणि मग व्हॉट्सॲप. इथे न मागितलेलं संगीत पाठवणारे आपलेच असतात. पहाटे साडेपाचला अभंग, सातला 'शुभ सकाळ'चा पाच एमबीचा व्हिडिओ, मंडळाच्या ग्रुपवर गणपतीच्या मिरवणुकीतला धुमाल. पाठवणाऱ्याचा भाव चांगला, पण नाइट शिफ्ट करून नुकता डोळा लागलेल्या माणसाला भाव दिसत नाही. फोन भरून गेला म्हणून रडणाऱ्या दहापैकी आठ जणांच्या फोनमध्ये मला हेच सापडतं (हा आकडा माझ्या ओळखीतल्यांचा, शास्त्रीय नव्हे). व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोअरेज अँड डेटा' उघडा. तिथे 'मीडिया ऑटो-डाउनलोड' खाली अँड्रॉइडवर मोबाइल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग अशा तीन ओळी आहेत. तिन्हींमधल्या सगळ्या खुणा काढा. यापुढे तुम्ही बोट लावाल तेच उतरेल. अँड्रॉइडवर 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद केलीत तर उतरलेलंही फोनच्या गॅलरीत मिसळणार नाही. 'प्रायव्हसी'त 'ग्रुप्स' आहे, तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' ठेवलंत की अनोळखी माणूस तुम्हाला थेट ग्रुपात ओढू शकत नाही. ग्रुप सोडायची गरज नाही. 'म्यूट' करा, कायमचा. कोणाला कळत नाही आणि आत्याही दुखावत नाही.

खात्यातल्या वस्तू सगळ्यात फसव्या, कारण त्या फुकट सुरू होतात आणि फुकट राहत नाहीत. रिचार्जसोबत किंवा नव्या फोनसोबत गाण्याच्या सेवेचे तीन किंवा सहा महिने मोफत मिळतात. सुरू करताना यूपीआयची किंवा कार्डाची मंजुरी घेतली जाते, आणि मुदत संपली की पैसे जाऊ लागतात. प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर टिचकी मारली की 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' दिसतं. आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली 'सबस्क्रिप्शन्स'. तिथलं नको ते रद्द करा. आणि ज्या ॲपमधून तुम्ही यूपीआयनं पैसे देता, त्यात 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' नावाची यादी असते, ती एकदा उघडून पाहाच. ॲप पुसलं म्हणजे वर्गणी थांबली हा गैरसमज मी शिकलेल्या माणसांतही पाहिलाय. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे आपोआप पैसे कापण्याआधी निदान चोवीस तास तुम्हाला सूचना यावी लागते, आणि १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी ओटीपी लागत नाही. म्हणजे ती सूचना हीच तुमची शेवटची संधी. बँकेचे मेसेज न वाचता पुसत असाल तर ही सवय आधी मोडा. ॲपला द्यायच्या परवानग्यांचंही तेच, न वाचता देऊ नका. २०१३ मध्ये सॅमसंगनं जे-झी या रॅपरच्या अल्बमच्या दहा लाख प्रती ॲपमधून फुकट दिल्या, मागणाऱ्यालाच दिल्या, हे बरं. पण त्या ॲपनं फोनमधली इतकी माहिती मागितली की त्यावरूनच गदारोळ झाला. गाण्याच्या ॲपला तुमचे संपर्क आणि तुमचं ठिकाण कशाला हवं?

डीएनडीबद्दल थोडं, कारण घोटाळा फार होतो. फोनमधलं चंद्रकोरीचं 'डू नॉट डिस्टर्ब' म्हणजे नुसती तुमची घंटी बंद. नाइट शिफ्टवाल्यांसाठी उत्तम. जाहिरातीचे फोन रोखणारी डीएनडी वेगळी. त्यासाठी १९०९ वर फोन करायचा किंवा इंग्रजीत 'स्टार्ट', मग जागा सोडून शून्य, असा मेसेज पाठवायचा.  ही नोंद झाल्यावरही जाहिरातीचा फोन आलाच, तर सात दिवसांच्या आत १९०९ वरच तक्रार करता येते. पूर्वी ही मुदत तीनच दिवस होती, फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनं वाढली. मात्र या डीएनडीनं आधी लागलेली कॉलर ट्यून जात नाही, तिच्यासाठी १५५२२३ च.

आता तक्रार. न मागता सेवा सुरू झाली आणि पैसेही कापले गेले, तर उद्यावर ढकलू नका. चोवीस तास उलटायच्या आत कंपनीच्या १९८ या तक्रार क्रमांकावर फोन करा, पैसे परत मागा आणि तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. मी तो कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी लिहून ठेवतो. त्यांना एकच प्रश्न विचारा: मी होकार कधी आणि कोणत्या मार्गानं दिला, ते दाखवा. या प्रश्नानं पुष्कळदा पैसे परत येतात. काम झालं नाही तर तीस दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्यानं एकोणचाळीस दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्रायला पत्र लिहून वेळ घालवू नका. ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. त्यापेक्षा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ कामाचा. तिथे बोलताना 'डार्क पॅटर्न' हा शब्द वापरा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा तेरा लबाड्यांची यादीच जाहीर करून त्यांना मनाई केली आहे. गुपचूप टोपलीत वस्तू टाकणं आणि वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं या दोन्ही तिच्यात आहेत. एवढं करूनही दाद लागली नाही तर आपला जिल्हा ग्राहक आयोग दुर्गला आहे. टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत असं पूर्वी सांगून लोकांना परत पाठवायचे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या चालतात असा स्पष्ट निकाल दिला आहे. तीस रुपयांसाठी कोणी दुर्गला जात नाही, हे कंपन्यांनाही ठाऊक आहे. पण तुम्हाला तो रस्ता ठाऊक आहे एवढं फोनवर बोलताना जाणवलं, तरी सूर बदलतो.

भिलाईतल्या कितीतरी मराठी घरांत महाराष्ट्राचा जुना नंबर अजून जपलेला आहे, नात्यातल्या सगळ्यांकडे तोच आहे म्हणून. वर्षात दोनदा रिचार्ज, बाकी तो फोन कपाटावर. न मागितलेल्या ट्यूनला अशीच जागा आवडते, कारण तिथे मालक स्वतःचा नंबर कधी लावत नाही. तेव्हा आज संध्याकाळी घरातल्या दुसऱ्या फोनवरून आपले सगळे नंबर एकदा लावून पाहा, आईचा आणि सासऱ्यांचाही. उचलू देऊ नका. वाजू द्या, आणि काय वाजतंय ते ऐका.